आक्षेप नोंदवा, पण नागरिक म्हणून

हॉटेलबाहेरच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडून दारू द्यायची परवानगी मागितली जाते, तेव्हा आपल्या मोहल्ल्यातला पहिला शब्द असतो ‘हराम’. तो आपल्या ईमानाचा भाग आहे. पण सरकारी कार्यालयात तो मुद्दा चालत नाही, आणि चालूही नये. आपल्या ताटात काय असावं हे इतरांनी ठरवू नये, असं आपणच म्हणतो ना? मग तोच न्याय शेजाऱ्यालाही हवा.

मग विचारायचं काय? परमिट रूमचा परवाना मंजूर नकाशातल्या जागेपुरता असतो. टेबलं फुटपाथवर आली आहेत का? रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजतो का? बीअर-वाईनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं, ही वयाची अट कोण तपासतं?

शिवाय महाराष्ट्रात वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, तर दारूची दुकानं बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. त्यासाठी पुरेशा महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ निवडायला हवी.

त्या अर्जावर आपल्या अम्मीची सही शेजारच्या काकूंच्या सहीखाली असेल. सह्या गोळा करायला आपण तरुणांनी पुढं यावं.