वारसा ठरायला ५० वर्षं थांबायचं?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडीच 'व्हिंटेज'. कॉन्टेसा आली १९८४ मध्ये. म्हणजे २०३४ पर्यंत ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी! घरच्या शेडमध्ये गंजलेला पत्रा बदलणाऱ्या, इंजिन उतरवून पुन्हा बसवणाऱ्या माणसाच्या वाट्याला कौतुक नाही, फीवाढ आहे. १५ वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० झाली. जुन्या गाड्यांचा जागतिक महासंघ 'फिवा' ३० वर्षं पुरेशी मानतो. मग आपल्यालाच ५० का? धूर मोजा, ब्रेक तपासा, नापास झाली तर खुशाल अडवा. पण नुसत्या वयाचा दंड कशाला? आणि मित्रांनो, फटाके फोडणारे सायलेन्सर आधी काढा. त्या आवाजात आपली मागणी कोण ऐकणार?