रहस्यकथा आणि घराण्यांची जुनी दुःखे

पाठ्यपुस्तकाच्या आड रहस्यकथा धरून वाचणारा विद्यार्थी पालकांना व शिक्षकांना नवा नाही. असल्या पुस्तकांनी मुले बिघडतात, हा आक्षेपही जुनाच आहे. बाबुराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार व काळापहाड यांनी मराठी वाचकांच्या कित्येक रात्री जागवल्या. त्या चोरून वाचणारे सारेच काही पुढे चोर झाले नाहीत! या वाङ्मयात हिणकस भाग पुष्कळ आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सरसकट बंदी घालण्यापेक्षा चांगली रहस्यकथा कशी ओळखावी हे विद्यार्थ्यांस शिकवावे, असे आमचे मत आहे. खाजगी गुप्तहेर एखाद्या कुटुंबाच्या जुन्या शोकांतिकेचा उलगडा करतो, तो प्रकार तर आम्हांस सर्वांत कसदार वाटतो.

अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची 'फाइव्ह लिटल पिग्ज' ही १९४२ सालची कादंबरी पाहा. एका चित्रकारास विष देऊन मारण्यात येते; त्याच्या पत्नीस दोषी ठरवून शिक्षा होते व ती कारागृहातच मरण पावते. सोळा वर्षांनी त्यांची कन्या हर्क्यूल प्वारो या गुप्तहेराकडे येते. आपण निर्दोष आहोत, असे आईने मरणापूर्वी पत्रात लिहून ठेवलेले असते, आणि कन्येचा विवाह आता ठरलेला असतो. रक्ताचा डाग नाही, हत्यार नाही, पायाचा ठसा नाही. उरल्या आहेत त्या पाच माणसांच्या आठवणी. प्वारो प्रत्येकाकडून हकीकत लिहवून घेतो, आणि कोणी काय प्रत्यक्ष पाहिले व कोणी काय नुसते गृहीत धरले, याची निवड करीत जातो. गुन्हेगार कोण हे सांगून आम्ही वाचकांचा रसभंग करीत नाही.

येथे कोणी विचारील की, झाकलेली जखम उघडावीच कशाला? मेलेली माणसे का परत येणार आहेत? प्रश्न योग्य आहे. केवळ कुतूहलापोटी दुसऱ्याच्या घरचे दुःख उकरणे हा हलकेपणाच होय. परंतु जेथे एखाद्या निरपराध व्यक्तीच्या माथी कलंक बसला असेल, तेथे गप्प राहणे म्हणजे त्या कलंकास संमती देणे होय.

याचे उदाहरण आपल्या इंदूरच्या राजघराण्यातच आहे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ साली मल्हारराव निवर्तले, आणि गादीवर आलेला पुत्र मालेराव पुरते वर्षही न भरता १७६७ साली मरण पावला. पुढे इंग्रज लोकांत असा प्रवाद पसरला की, उद्दाम पुत्राचा अंत अहिल्याबाईंनीच करविला! सर जॉन माल्कम १८१८ नंतर माळव्यात अधिकारावर असताना त्याने या गोष्टीची चौकशी केली. घटनेस तोवर पन्नास वर्षे लोटली होती. प्रवाद निराधार आहे, असा निर्णय त्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केला. मालेरावाने केवळ संशयावरून एका जरीकाम करणाऱ्या कारागिराचा वध करविला; तो मनुष्य निर्दोष होता असे ठरल्यावर पश्चात्तापाने मालेरावाच्या चित्तावर परिणाम झाला, अशी हकीकत तेथे आहे. लोक म्हणत, कारागिराचे भूत राजपुत्रास झोंबले. माता मात्र त्याच्या शय्येपाशी बसून त्या आत्म्याची विनवणी करीत होती. विद्यार्थ्यांनी हे नीट पाहावे : संशयाने आधी एका कारागिराचा प्राण घेतला, आणि संशयानेच पुढे एका मातेस पुत्रघातकी ठरविले.

माल्कम हाही परकी सत्तेचा अधिकारी. त्याचा शब्ददेखील पारखूनच घ्यावयास हवा. कादंबरी व इतिहास यांत भेद आहे तो येथेच. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात सर्व मंडळी एका दालनात जमतात व सत्य प्रकट होते. इतिहासात, आणि आपल्या घरोघरीही, तसे दालन क्वचितच मिळते. म्हणून तर पुराव्यावाचून निकाल न देण्याची सवय अधिक मोलाची.

विद्यार्थिमित्रांनो, प्रत्येक कुटुंबात एखादे नाव असे असते, की ते निघताच वडील मंडळी विषय बदलतात. घर सोडून गेलेला काका, माहेरी परत आलेली आत्या, भाऊबंदकीत तुटलेले नाते. त्यांच्याविषयी कुजबुज कानी येईल तेव्हा इतकेच विचारा : हे कोणी पाहिले? सांगणाऱ्याचा यात स्वार्थ काय? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय? एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या पुस्तकाने लागेल, ते पुस्तक पाठ्यपुस्तकाच्या आड लपविण्याचे कारण नाही. अभ्यास आटोपल्यावर ते खुशाल उघडपणे वाचावे.