विश्लेषण : खारबांध फुटल्यावर शेतकऱ्याची जमीन वाचते का?

अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले, की रेवस आणि धरमतर खाडीकाठच्या गावांचे लक्ष बांधाकडे लागते. मातीच्या बांधाआड भातशेती आहे. बांधाला खांड पडली की भरतीचे पाणी थेट शेतात. अलिबागच्या शहापूर-धेरंड परिसरात हे वारंवार घडले आहे. समुद्राची पातळी वाढत असल्याने धोका आणखी वाढणार आहे.

बांध कोणाचा?

पूर्वी जमीनमालक आणि कुळे मिळून बांध राखत. ती व्यवस्था ढासळल्यावर १९४८चा आणि पुढे १९७९चा खारजमीन कायदा आला. सरकारी योजनांचे बांध खारभूमी विभाग सांभाळतो. खासगी योजनांचा भार मात्र शेतकऱ्यांवरच राहिला.

मदत किती?

केंद्राच्या १२ आपत्तींच्या यादीत उधाण नाही. महाराष्ट्राने ते स्वतःच्या यादीत घेतले, ही जमेची बाजू. पण केंद्राच्या २०२२च्या निकषांनुसार किमान ३३ टक्के नुकसान झाले तरच जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही त्या हंगामापुरते. शेतातला गाळ काढायला वेगळी मदत आहे, जमीन खारावल्याबद्दल नाही. मीठ काही एका हंगामात जात नाही.

मग कांदळवन कुठून आले?

खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार ते तोडता येत नाही, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित. लाटा अडवणारे कांदळवन वाचलेच पाहिजे. पण सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि पेरणी बंद, हा उफराटा न्याय झाला. दिरंगाई यंत्रणेची, जमीन त्याची.

नवा कायदा काय करू शकतो?

हवामान बदलावर देशात स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या माळढोक प्रकरणात घेतली. राज्याला पुढाकार घेता येईल. पैशाची वाटही आहे : पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीतील २० टक्के रक्कम आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी राखली.

अडचण वेळेची आहे. भरतीचा जोर कमी असतो ते भांगेचे मोजके दिवसच खांड बुजवायला मिळतात. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा होईपर्यंत पुढची उधाणे येऊन जातात आणि खांड रुंदावते. म्हणून पहिल्या भांगेतच माती टाकण्याचा अधिकार आणि आगाऊ रक्कम ग्रामपंचायतीकडे हवी. मुदत चुकून कांदळवन उगवलेच, तर त्या जमिनीचा मोबदला कोण देणार, हेही कायद्यात लिहावे लागेल.