'चौकशी', 'मीमांसा' आणि 'प्रश्नांकित करणे'

अमुक कादंबरी पितृसत्ताक मूल्यव्यवस्थेला 'प्रश्नांकित करते', हे वाक्य प्रबंधिकांतून वारंवार भेटते. ते इंग्रजी समीक्षेतून आले हे उघड आहे. मात्र मुळात तेथे 'क्वेश्चन' होते की 'इन्टरॉगेट', याचा पत्ता मराठी वाक्यावरून लागत नाही.

इंग्रजीत हे शब्द शेजारी असले तरी एका पंक्तीला बसत नाहीत. अल्बर्ट बॉ यांनी इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील ग्रंथात (१९३५) त्यांचे तीन थर दाखविले आहेत: 'आस्क' मूळचा, लोकांच्या तोंडचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, ग्रांथिक, 'इन्टरॉगेट' लॅटिनमधला, विद्वत्तेचा. आज 'इन्टरॉगेट' म्हटले की आधी पोलीस ठाणे आठवते आणि समीक्षेत त्या शब्दाला जी धार आहे तीही याच छटेमुळे. संहितेने सांगण्याचे टाळलेले तिच्याकडून वदवून घ्यायचे, असा त्यात भाव आहे. 'प्रश्नांकित' या कृदन्तात तो उरत नाही. समासाच्या टोकाशी एक विरामचिन्ह तेवढे उरते.

'एन्क्वायरी' आणि 'इन्क्वायरी' यांची गोष्ट निराळी. साधी विचारणा ती पहिली, औपचारिक तपास तो दुसरा, असा भेद पाळण्याकडे ब्रिटिश लेखनाचा कल आहे. अमेरिकेत दोन्ही ठिकाणी 'इन्क्वायरी' चालते. परंतु मानवी आकलनावरील ह्यूमच्या ग्रंथनामात 'एन्क्वायरी' आहे, तर त्याचाच स्नेही अ‍ॅडम स्मिथ याच्या १७७६ च्या ग्रंथनामात 'इन्क्वायरी'. म्हणजे हा भेद वर्णलेखनाच्या सोयीचा. त्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

आपल्याला मात्र निवड टाळता येत नाही. १९५२ च्या अधिनियमान्वये नेमला जातो तो 'चौकशी आयोग'. राष्ट्रांच्या संपत्तीची स्मिथने 'चौकशी' केली असे म्हटले, तर तो महसूल खात्यातला कारकून ठरेल. तेथे 'मीमांसा' हवी, ह्यूमच्या संदर्भात कदाचित 'जिज्ञासा'. हे दोन्ही शब्द इच्छार्थक रूपांतून, 'मन्' आणि 'ज्ञा' या धातूंपासून, सिद्ध झाले आहेत. विचारण्यामागची जाणण्याची ओढ त्यांच्या घडणीतच आहे.

याहून सूक्ष्म काम मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. 'त्याला विचारले' यात तो उत्तर देणारा आहे. 'त्याच्याकडे चौकशी केली' यात तो माहितीचे साधन झाला. 'त्याची चौकशी केली' म्हणताच तोच विषय होतो. मग त्यामागे संशय असेल किंवा आस्था, ते प्रसंगावरून ठरते. आस्थाच सांगायची असेल तर 'विचारपूस' आहे. 'पृच्छा'शी नाते सांगणारे जुने 'पुसणे' त्यात अजून टिकून आहे. हे सारे हाताशी असताना 'प्रश्नांकित'वर भिस्त ठेवणे हे दारिद्र्य नव्हे, आळस आहे.

त्या वाक्यात लपते ते विधानच. कादंबरीतील एखादे पात्र त्या मूल्यांना जाब विचारते काय? निवेदक शंका घेतो काय? की कथानकाच्या ओघात ती मूल्ये आपोआप उघडी पडतात आणि प्रश्न वाचकाला पडतो? या तीन स्वतंत्र वाङ्मयीन घटना आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा संहितेत वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. मार्गदर्शकांनी 'प्रश्नांकित' या शब्दाखाली रेघ ओढून समासात एवढेच लिहावे: कोणी विचारले, कोणाला, कोणत्या पृष्ठावर?