रुईची पारख आणि कापडाचा बट्टा

कापसाचा दर्जा मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरतो: रुईचा रंग, तिच्यात राहिलेला कचरा आणि तंतूची लांबी. रंग आणि कचरा डोळ्यांना दिसतो, लांबी मात्र बोटांनी काढावी लागे. पारखी माणूस गासडीतून मूठभर रुई ओढून घेई, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ती मधोमध तोडी आणि एका चिमटीतून दुसरीत तंतू पुन्हा पुन्हा ओढून सरळ करी. आखूड, गुंतलेले तंतू झडून जात. उरलेला चपटा झुबका काळ्या कापडावर ठेवला की त्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसत आणि लांबी कळे. इंचाच्या बत्तिसाव्या भागाचा फरकही इथे भावाचा प्रश्न होता. तो केवळ बोटांनी ओळखणारी माणसे मुंबईच्या बाजारात होती. हे कसब पुस्तकातून नव्हे, रोज शेकडो नमुने हाताळून येत असे.

लांबीला एवढे महत्त्व असते ते सुतामुळे. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका सुताचा नंबर. वीस नंबरचे सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार. आखूड तंतूचे बारीक सूत काढायला गेले तर ते टिकत नाही. जुन्या देशी वाणांचा तंतू बहुतांशी आखूड होता. त्यामुळे बारीक कापड विणणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना इजिप्त आणि युगांडाहून कापूस आणावा लागे.

ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली, त्याच्या आधीपासून मुंबई कापसाची पेठ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मागणी भडकली, तशी भेसळही वाढली. रुईत पाणी, माती, सरकी मिसळून वजन वाढवले जाऊ लागले, तेव्हा मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. कुलाब्याचा कापूस बाजार १९२०च्या दशकात शिवडीकडे हलला. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात तो अजून आहे. रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो आणि ही खंडी सुमारे ३५६ किलोची. माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. तिथे थोड्याशा रुईचे प्रत्यक्ष सूत कातून वाणाची परीक्षा होऊ लागली. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ती आजही तिथेच काम करते.

एवढी कसून पारख झालेली रुई परळ-लालबागच्या गिरण्यांत पोचली, की तिच्यातला दोष मात्र दुसऱ्याच्या माथी बसे. खर्च वाचवायला मिक्सिंगमध्ये हलकी रुई जास्त घातली, तर सूत कच्चे निघते. मागावर ताण्याचा धागा तुटतो, साचा थांबतो. विणकराने धागा वेळेवर जोडला नाही तर कापडात उभी रेघ राहते. खळ नीट बसली नसेल तरी हेच घडते. न पिकलेला तंतू रंग धरत नाही, म्हणून रंगवलेल्या ताग्यावर पांढुरके ठिपके उमटतात. हा शेवटचा दोष तर विणकराला दिसूही शकत नाही, कारण तो उघडा पडतो रंगाईनंतर.

फोल्डिंग खात्यात तागा उलगडून तपासला जाई. दोष ठरला की मुंबईच्या गिरण्यांत रूढ असलेली शिक्षा अशी: खराब ठरलेले कापड विणकराच्याच हाती द्यायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायची. विणकराची मजुरी कामावर मोजली जाई. साचा थांबला की ती आधीच घटलेली असे, वर ही कपात. मग तो तागा पडेल त्या भावाने विकण्याची खटपट त्याची त्यानेच करायची. दोष कुठे उपजला, रुईत, कताईत, खळीत की मागावर, हे ठरवण्याची सोय नव्हती. निवाडा करणारा गिरणीचा माणूस आणि फायदाही गिरणीचा. ही पारख नव्हती, वसुली होती.

१९२०च्या दशकातल्या संपांत दंड आणि कपात हा गिरणगावाचा जुना सल होता. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने हा विषय तपासला आणि त्यातून पुढे १९३६चा वेतन अदायगी कायदा आला. दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा पडली. नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच करता येईल आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असे कायद्यात आले. दर्जाच्या निवाड्यात विणकराचे म्हणणे ऐकणे मालकाला बंधनकारक झाले. गिरणगावाच्या इतिहासात मोठ्या संपांच्या तारखा सांगितल्या जातात, तेवढ्याच आदराने हे कलमही सांगायला हवे.

आता कापडाचे दोष गुणांनी मोजतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊ इंचांवरच्या दोषाला चार. बोटांची जागा एचव्हीआय यंत्राने घेतली आहे. लांबी, ताकद, तंतूचा बारीकपणा, रंग आणि कचरा ते काही क्षणांत सांगते. यंत्र पक्षपात करत नाही, हा मोठाच लाभ आहे.

पण त्याच्यासमोर जाते ती सरकी काढलेली रुई, आणि शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडर जी प्रत ठरवेल तिच्यावर शेतकऱ्याचा दर अवलंबून असे आणि त्या प्रतवारीवरून कुरबुरी होत. आजही दसरा-दिवाळीला नवा कापूस बाजार समितीत येतो, तेव्हा गाडीत हात घालून, रंग बघून, ओलावा मोजून भाव पुकारला जातो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत दर कमी होतो आणि बारा टक्क्यांवर माल नाकारला जातो. ओलावा मोजायला यंत्र आहे. क्विंटलमागे रुई किती निघेल आणि तिचा तंतू कसा असेल, यावर मालाची खरी किंमत ठरते. पण ते कळते जिनिंगनंतर, म्हणजे सौदा होऊन गेल्यावर. बाजार समितीच्या आवारात नमुना पिंजून रुईचा उतारा आणि लांबी तपासणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. माटुंग्याच्या प्रयोगशाळेची शंभर वर्षांची विद्या त्यासाठी हाताशी आहे. तपासणीचा कागद सौद्याआधी शेतकऱ्याच्या हातात पडेल, अशी व्यवस्था पणन खात्याने येत्या हंगामापासून सुरू करावी.