पोचलेली टाकी परत करा

गॅसची टाकी ट्रॉलीतून खाली आपटायची नि गडगडत घरी न्यायची, हे गावोगाव दिसते. पोलादाची टाकी, तिला काय होतंय, असा आपला समज. पण आपटून खोल पोचा किंवा चर पडला, बुडाशी गंज चढला, की तेवढ्या जागी पत्रा कमजोर होतो. आतला दाब सगळीकडे सारखाच. ताण मात्र त्या कमजोर जागी एकवटतो. गोल भिंतीवर वेढ्याच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. म्हणून दाबाने फुटणारी टाकी बहुधा उभी चिरते. चुलीशेजारी तापली, की दाब आणखी वाढतो.

टाकी घेताना वरच्या पट्टीवरची खूण वाचा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे वर्ष. 'बी-२८' म्हणजे जून २०२८ पर्यंत चाचणीची मुदत. मुदत टळलेली वा पोचलेली टाकी दारातूनच परत करा. भीड धरू नका. ग्रामपंचायतीनेही ही खूण ग्रामसभेत समजावून सांगावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यावर घरादाराचा जीव अवलंबून आहे.