तुळशीच्या लग्नाला रानाचे आमंत्रण

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर चकल्यांचा घाणा चालू असेल. दिवाळी सरली की कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतील. कोयनानगरच्या वसाहतीत, हेळवाकला, पाटणला वृंदावने रंगतील, उसाचा मांडव उभा राहील, बाळकृष्ण आणि तुळस यांच्यामध्ये अंतरपाट धरला जाईल. वृंदावनात आवळ्याची आणि चिंचेची फांदी खोवायची, ही आपली रीत. ऊस कऱ्हाडकडच्या मळ्यातला, आवळा मात्र रानातला. यंदाच्या अंकाचा विषय आम्ही तिथूनच उचलला आहे: अंगणातली तुळस आणि रानातली औषधे.

तुळस पिढ्यान् पिढ्या आपल्या दारात टिकली, कारण तिची निगा हा रोजच्या पूजेचाच भाग आहे. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मुळाशी पाणी साचले की तुळस कुजते. उंच ओट्यावरच्या वृंदावनात पाणी थांबत नाही, म्हणून ती तग धरते. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या की झाड पुन्हा फुटते. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून फुंकर मारली की मोहरीहून बारीक बिया उरतात. त्या मातीत भुरभुरल्या की पुढच्या वर्षाची सोय झाली. द्वादशीला तुळस तोडायची नाही, दिवेलागणीनंतर तिला हात लावायचा नाही, तोडायची ती पूजेपुरती किंवा काढ्यापुरती. हे नियम कुणी कोणत्याही श्रद्धेने पाळो, झाडाला त्यातून उसंत मिळते.

औषध म्हणून तुळशीची योग्यता मोठी आहे, आणि ती फुगवून सांगण्याची गरज नाही. तिच्या पानात युजेनॉल असते, तेच लवंगेच्या तेलातही असते. सर्दी-पडशाला तुळस, आले, गवती चहा यांचा गरम काढा घशाला आराम देतो, हा घराघरातला अनुभव. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यातही तुळस होती. मात्र ती रात्रंदिवस प्राणवायू सोडते हे खरे नाही. रात्री इतर झाडांप्रमाणे तीही श्वसनच करते. मुलाला धाप लागली, ताप उतरेना, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. तुळशीवरच्या प्रेमाला खोट्या दाव्यांचा टेकू लागत नाही.

आता अंगणाबाहेर पाहू. बांधावरच्या अडुळशाची पाने तव्यावर शेकून त्यांचा रस मधातून खोकल्यावर देतात. त्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. जरा वर चढले की त्रिफळ्याची तिन्ही झाडे भेटतात: हिरडा, बेहडा, आवळा. त्याहून आत नरक्या आहे. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असते आणि कर्करोगावरची काही महत्त्वाची औषधे त्यापासून बनतात. ज्या झाडाने रोग्याला जीवदान द्यावे, त्याचीच सह्याद्रीत चोरून तोड झाली. पान खुडले तर तुळस पुन्हा फुटते. नरक्याचे खोड आणि मूळच विकले जात असेल तर मागे काय उरणार?

याच खोऱ्याने झाड आणि माणूस यांची ताटातूट पाहिली आहे. कोयना धरणाचे पाणी चढले तशी गावे उठली. ठाणे-रायगडपासून सांगली-सोलापूरपर्यंत माणसे विखुरली. तुळशीचे रोप टोपलीतून नेता येते, नव्या दारात रुजवता येते. हिरड्याचे रान नेता येत नाही. कोणत्या ओढ्याकाठी कोणती मुळी मिळते, ती कधी काढायची आणि किती मागे ठेवायची, हे ज्ञान त्या जागेला बांधलेले असते. जागा सुटली की ते दोन पिढ्यांत विसरले जाते.

जे रान उरले, त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात ही दोन्ही रानेही आहेत. पण तुळशीवर कोणी पहारेकरी नेमावा लागला नाही. तिला घराने आपली लेक मानले. आमचे म्हणणे एवढेच, की हा मान आता हिरड्याला, अडुळशाला, नरक्यालाही मिळायला हवा. पहारा आणि माया दोन्ही असतील तरच रान टिकेल.

त्याची वाट कायद्यानेच दाखवली आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. गावातली झाडे, त्यांचे उपयोग, जाणकारांची माहिती यांची नोंद त्यात व्हावी, अशी ती तरतूद आहे. नोंदवही कपाटात पडून असेल तर तिचा उपयोग शून्य. आजीला शेजारी बसवून भरली तर ती गावाची ठेव.

वाचकहो, यंदा तुळशीचे लग्न लागले की तीन कामे करा. वाळलेल्या मंजिऱ्या शेजाऱ्यांत वाटा. बांधावर जागा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला आवळा किंवा हिरडा लावा. आणि पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, की आपल्या गावची नोंदवही कुठे आहे, आणि तिच्यात आपल्या रानाचे काय लिहिले आहे. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक